दोन इंच माया

खारकर आळीत आमचं दुकान, जिन्याखाली.
वडील गेले त्या वर्षी ती पहिल्यांदा आली,
हातात काळं टेरिकॉट, साडीच्या निऱ्यांना चिखल.
"झगा शिवायचाय. पाळकांचा."
मी गळ्यातली टेप काढली, म्हटलं,
साहेबांना पाठवा, माप अंगावर घेतलेलं बरं.
"साहेब नाहीत," म्हणाली.
"अंग हेच."

वडिलांच्या वहीत चर्चच्या पानावर
सगळे झगे सरळसोट:
खांदा, छाती, उंची, संपलं.
त्या पानावर मी पहिल्यांदा टक्स काढले
आणि नाव लिहिताना अडलो.
पाळकबाई म्हणजे पाळकांची बायको,
आळीला एवढंच ठाऊक.
नुसतं लिहिलं: मकासरे.

एकोणचाळीस बटणं लागतात, मी सांगितलं,
वडील तशीच लावायचे.
ती हसली. "रात्री दोनला कुणी शेवटच्या घटका मोजत असेल
तर मी एकोणचाळीस बटणं लावत बसू?"
मग आत चेन, वर बटणं शोभेची.
आणि खिसा. पुरुषांच्या झग्याला नुसती चीर असते,
हात आत घालून पँटच्या खिशापर्यंत पोचायला.
"माझ्या साडीला खिसा कुठला, पतंगे?"
मनगटापर्यंत खोल दिला.
दफनभूमीची किल्ली, पावत्या, पेपरमिंट.

पुढची वर्षं मला दुरुस्त्यांवरून माहीत.
कळव्याला असताना कॉलर वरचेवर उसवायची.
मनोरुग्णालयातून आली तेव्हा बाही खांद्यापासून फाटलेली,
"रफू करा," म्हणाली, "कुणी ओढली ते विचारू नका."
राहुरीहून एसटीनं पार्सल यायचं,
गुडघ्यांवर कापड जाळीसारखं विरलेलं,
शिवाय काठावर मेण, ते इस्त्रीखाली
ब्लॉटिंग पेपर ठेवून काढावं लागतं.

आढाव गुरुजी माझं जुनं गिऱ्हाईक, तिच्याच मंडळीतले.
पँट अल्टर करताना सांगायचे,
प्रभुभोजनाला जातो, पण तिच्या हातची भाकर घेत नाही,
बाकावरच बसून राहतो.
पंधरा वर्षं बसले.
मे महिन्यात गेले, आणि दुसऱ्या दिवशी
ती झगा घेऊन आली, काठाला लाल माती.
"गुरुजींना पोचवलं," एवढंच बोलली.
मी ब्रशनं माती झाडली,
थोडी शिवणीत राहिली.

मग एका संध्याकाळी फोन: "पतंगे, आता जांभळा."
जांभळी नाक्यावर जांभळं कापड मिळेना,
एक वांग्याच्या रंगाचं, एक लग्नातल्या पडद्याचं.
भिवंडीत एका रंगाऱ्याला पटवून घाण्यात बुडवून घेतलं,
तीनदा, तरी तो म्हणत राहिला,
कुठल्या नाटकासाठी?

दीक्षाविधीला मला पत्रिका आली.
मी शेवटच्या बाकावर, शेजारी कॅटररचा मुलगा.
काय म्हणतात, कधी उठायचं, कळत नव्हतं.
ती गुडघ्यांवर बसली, सहा-सात पुरुषांचे हात
एकदम डोक्यावर आले,
मंडळी उभी राहिली, कुणी रडलं असेल.
मला फक्त पाठीची शिवण दिसत होती.
धरली.

परवा आली, जिना चढत नाही आता,
बरं झालं दुकान खाली आहे.
निवृत्त होऊन तीन आठवडे.
पिशवीत तोच पहिला, काळा,
आणि मागे एक रुंद खांद्यांची मुलगी,
घणसोलीची, नाव शारोन लोंढे.
"हिला होईल का बघा."
मी झगा उलटा केला.
दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माया,
वडिलांची सवय, मी कुणाच्याही कपड्यात सोडतो,
बहुतेकांची तशीच जुनी होते.
इथं उसवली तर आतलं कापड
कोरं काळं, बाहेरचं राखेसारखं.
पट्टा दिसेल, मी म्हटलं. रंग जुळणार नाही.

"दिसू दे," ती म्हणाली.

मुलीनं खिशात हात घालून पाहिला.
आणखी खोल होईल का, मोबाईल बसत नाही.
होईल, म्हटलं.
गुरुवारी या.