हजेरीचा सीन

जतच्या अलीकडं, पवनचक्क्यांच्या रांगेखाली
आमचं गायरान. सोळा पालं, एक आटलेली बोअर,
आणि आता एक ट्रायपॉड,
त्याचा तिसरा पाय बाभळीचा.
माइकला लेकराची लोकरीची टोपी घातलेली,
वाऱ्यानं आवाज फाटू नये म्हणून.
तो माइक माझ्या हातात. म्हणजे फिल्ममध्ये मी नाहीच,
फक्त एकदा माझी सावली
सुरमाडी फुईच्या लुगड्यावरून सरकते.

माझ्या बापाची ही फुई, आणि गाणं तिच्या बापाचं.
आमच्या पारधी बोलीत आहे. मराठीत सांगायचं तर
ते चालत जातं:
हा ओढा, ही बाभूळ, इथं तितर बोलला,
इथं फास मांडला, इथं रंगूला कळा आल्या,
पोराची नाळ ह्या दगडाखाली,
पुढच्या गावचा पाटील वाईट, वळसा घाला.
बसून ऐकलं तर गाणं.
उठून चाललं तर रस्ता.

ठाण्यातही आमचा इतिहास आहे.
त्यात पणज्याचं नाव तीनदा आलंय, तीन तऱ्हांनी लिहिलेलं,
आणि वय दर वेळी चाळीसच.
गाण्यात त्याला वय नाही.
गाण्यात तो तितरासारखा बोलतो
आणि माळ त्याला उत्तर देतो.

अडलं ते सातव्या सीनला.
सोलापूरची सेटलमेंट. तार भंगारातली मिळाली,
घंटा म्हणून नांगराचा फाळ टांगला.
सगळं होतं, हजेरी घेणारा नव्हता.
खाकी शर्ट बाजेवर पडून,
साठ रुपये दिवसाचं भाडं,
आणि कुणी हात लावेना.
आमच्यात एकाचं नावच फौजदार आहे.
तोही म्हणाला, मला नको.
तो गणपतीत दोन रात्री आत होता, उगीचच.
बारकी पोरं त्या बाजेला
वळसा घालून जायला लागली.

ऊन उतरलं. माझा भाऊ, आमचा डायरेक्टर,
मोबाइल बघत होता: एकवीस टक्के.

तेव्हा फुई उठली.
लुगड्यावरच शर्ट चढवला, बाह्या दोनदा दुमडल्या.
छातीवरचं बटण लागेना, राहू दिलं.
रजिस्टर म्हणून रेशनकार्ड धरलं, उलटं.
आम्ही तिला शिव्या लिहून दिल्या होत्या, वाचूनही दाखवल्या होत्या.
तिनं त्या दिल्या नाहीत.
ती नावं गायली.
ज्या चालीत ओढे येतात, बाभळी येतात,
त्याच चालीत बाप आला, चुलते आले,
तारेतून पळताना मांडी फाटलेला एक मामा आला.
आतून पोरं ओ देत गेली. हजर. हजर.
आठ वर्षांची झिंगरी
खापरपणज्याच्या नावाला हजर म्हणाली आणि फिसकन हसली.
ते हसू ठेवलंय.

मग एक नाव आलं, रंगूच्या त्या पोराचं.
फुईचा थोरला भाऊ.
ते आम्ही कुणाला वाटून दिलंच नव्हतं.

फुई थांबली.
माझ्या कानात हेडफोन. पात्यांची घरघर,
फाळात अजून उरलेली गुणगुण,
खाकीखाली तिचा श्वास.
अकरा सेकंद.

भाऊ म्हणतो, कापू. लोकांना वाटेल आवाज गेला.
मी म्हणते, आवाजाचं मला विचार.

फिल्म दाखवली बेदाण्याच्या रिकाम्या शेडमध्ये.
जाळ्यांवर गंधकाचा वास, शेडनेटवर पांढरं धोतर ताणलेलं.
शेडचा मालक आला, शाळेचे गुरुजी आले,
साध्या कपड्यात एक हवालदार, मागं, बुटांवरून ओळखू येणारा.
अकरा सेकंद आले आणि गेले.
कुणी खोकलंसुद्धा नाही.

निघताना, गाडीवर बसूनच, हवालदारानं विचारलं,
म्हातारे, तो एक गैरहजर होता,
तो राहतो कुठं?

सवयीनं त्यानं डायरी काढली.
फुईनं पत्ता सांगितला, गाऊनच:
हा ओढा, ही बाभूळ.
दगडापाशी त्याचं पेन
थांबलं.