रकाना अकरा

दावित पहिल्यांदा आला तेव्हा
बुटाला उजळाईवाडीचं डांबर होतं
आणि काखेत प्लास्टिकची फाईल.
परकीय नागरिक नोंदणी, खोली नऊ.
खोली म्हणजे जिन्याखालची जागा,
एक टेबल, एक मी, हवालदार निलोफर मुजावर,
आणि एक पंखा,
जो माणसांना सोडून कागदांनाच वारा घालतो.

आडनाव? विचारलं.
नाही, म्हणाला. दावित मी, गेब्रे वडील, तेस्फाये आजोबा.
रकाना मोकळा ठेवला की संगणक पुढं सरकत नाही,
म्हणून मी त्याच्या वडलांचं आडनाव केलं.
त्याला हसू आलं.
म्हणाला, घरातसुद्धा त्यांचं एवढं चालत नव्हतं.

कामाचे स्वरूप: विमान दुरुस्ती.
हे काम इथला माणूस करू शकत नाही काय?
प्रश्न फॉर्मचा आहे, माझा नव्हे.
माझ्या मावसभावाचं उद्यमनगरात लेथ आहे,
तो म्हणेल, आणा हिकडं, करून देतो की.
दावित जरा वेळ गप्प बसला.
मग म्हणाला, मी ऐकतो.
त्या एका जातीचं इंजिन.
बेअरिंग जायच्या आधी ते बारीक खोकतं,
आणि तो खोकला ओळखायला मला सोळा वर्षं लागली.
वर बघून म्हणाला, हा पण खोकतोय.
दिवाळीपर्यंत चालेल.

मी लिहिलं: विशेष कौशल्य.

रकाना अकरा: नोकरी देणाऱ्याचे नाव.
फोटो दावितचा, बोटांचे ठसे दावितचे,
राजारामपुरीतली वरच्या मजल्याची खोली दावितची,
पण परवाना अकराव्या रकान्याचा.

श्रावणात कंपनीनं विमानं थांबवली.
हायवेवरून दिसायचं एक,
चाकांखाली लाकडी ठोकळे,
इंजिनाच्या तोंडाला तांबडं कापड बांधलेलं.
पगार तीन महिने नव्हता, ते एक वेळ चाललं असतं,
पगाराला फॉर्ममध्ये रकाना आहे, तारीख नाही.
अकरावा मात्र मोकळा झाला,
आणि वरून पत्र आलं: पंधरा दिवस.

बेळगावात दुसरी कंपनी त्याला घ्यायला तयार होती.
एसटीनं अडीच तास.
मी नियम तीनदा वाचला, बोट ठेवून.
एका नावावरून दुसऱ्या नावावर जायचं
तर आधी देश सोडायचा, मग नव्यानं अर्ज.
म्हणजे कोल्हापूरहून बेळगावला जायचा रस्ता
अदिस अबाबावरून जातो.
हे मी त्याला सांगितलं. इंग्रजीत सांगताना
माझा आवाज साहेबांसारखा झाला.

इर्शाद, माझा धाकटा, मस्कतला सामान चढवतो विमानात.
पासपोर्ट सुपरवायझरच्या कपाटात.
दुसरीकडं दीडपट मिळतंय, पण सोडचिठ्ठी देईनात.
अम्मी भाकरी थापता थापता विचारते,
तिथं बी तुझ्यासारखी कोणतरी बसलेली असंल न्हवं?
तिला सांग की म्हणावं, माझी पोरगी बी त्याच खात्यात हाय.
मी म्हणते, असेल.
ती जिन्याखाली असेल का, ते मला माहीत नाही.

शेवटच्या दिवशी दावितनं एक कागद दिला.
अर्ज नव्हता, तक्रारही नाही.
डावं इंजिन, हे हे बघणे,
पावसात कापड भिजलं तर बदलणे,
आणि खाली सही, नुसतंच दावित.
जो येईल त्याला द्या, म्हणाला.
कोण येईल, हे विचारायचं मी टाळलं.
आवक नोंदवहीत असल्या कागदाला नंबर बसत नाही.
ड्रॉवरमध्ये आहे, शिक्क्याच्या डबीखाली,
कोपऱ्याला जांभळी शाई लागलीय.

निघताना हात मिळवला. हाताला ग्रीस नव्हतं.
तेच जरा लागलं मनाला.

दिवाळी गेली.
पंखा चालतोय अजून, खोकत खोकत.
दावित, एवढं एक चुकलं तुझं.
की कुठली दिवाळी म्हणालास,
ते विचारायचं राहिलं.