सुखार

नारिनमध्ये ऑक्टोबरात हात आधी बधिर होतात,
मग चुकतात.
माझं दोन्ही एकदमच झालं.

बात्मा-एजेची नीवा. बॉनेट उघडं, झाकण उतरवलेलं,
आठ व्हॉल्व्ह, आठ स्प्रिंगा,
आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या गळ्याशी दोन बारकी अर्धुकं,
डाळीएवढी.
जुने रशियन मेकॅनिक त्यांना सुखार म्हणायचे,
वाळवलेल्या पावाचा तुकडा.
आम्हीही तेच म्हणतो.

सोळा हवेत. पंधरा भरले.
परत मोजले. पंधरा.
खरं तर आवाज मी ऐकला होता:
टिक्. जरा खाली, टिक्.
मग काहीच नाही,
विहिरीत खडा टाकावा आणि पाणीच नसावं तसं.

साखळीच्या भोकात आधी चिंधी कोंब,
सागिनबेक-आकेंनी सकाळीच सांगितलं होतं.
चिंधी माझ्या खांद्यावर होती.

ते शेगडीपाशी चहा पीत होते, माझ्याकडे पाठ करून.
फळीवर कॉफीचा डबा, डब्यात जुने सुखार, वीसएक.
एक उचलला. बसवला. स्प्रिंग सोडली.
सोळा.
इंजिनाने सुखार गिळला, मी मूग.

तेवढ्यात बात्मा-एजे आली, फडक्यात गरम बोर्सोक घेऊन.
म्हणाली, पहाटे दोलोनची खिंड ओलांडायचीय,
कोचकोरच्या बाजाराला, मागच्या सीटवर दोन मेंढे.
त्यातल्या एकाला गाडी लागते.
आके हसले. मीही हसलो, बोर्सोक तोंडात तसाच.

ती गेल्यावर म्हणालो, आके, एक आत पडलाय.
त्यांनी कप खाली ठेवला. शिवी दिली नाही.
दिली असती तर बरं झालं असतं.

स्पीकरचं चुंबक सायकलच्या तारेला बांधून विहिरीत सोडलं.
ते साखळीला चिकटलं, मग भिंतीला,
दिसेल त्याच्या प्रेमात पडत गेलं.
तेल सोडलं, जुन्या मोज्यातून गाळलं. नुसतं तेल.
राहिलं चेंबर.
नीवाचं चेंबर काढायचं म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल सोडवायचा,
इंजिन तुळईला टांगायचं
आणि पाठीवर पडून गार लोखंडाची मनधरणी करायची.

रात्री अकराला ते हातात आलं.
तळाशी काळा गाळ. आके बोटांनी चाचपत होते,
कढईचा तळ निपटावा तसे.
काहीतरी लागलं. पुसलं.
वॉशर.

आमचा नव्हे.
कडा झिजून गुळगुळीत. कित्येक वर्षं तिथेच असणार,
चढावर मागे घसरत, उतारावर पुढे.
कुणीतरी कुठल्यातरी गॅरेजात, कदाचित माझ्या जन्माआधी,
मोजलं असेल, एक कमी भरला असेल,
आणि झाकण लावलं असेल.
आके वॉशरकडे बराच वेळ बघत राहिले.
माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, ते मला पुरलं.

सुखार निघाला पंपाच्या जाळीखाली.
त्यांनी तो रॉकेलात धुतला
आणि कपाळाला टेकवला,
जमिनीवर पडलेला पाव आम्ही उचलून टेकवतो तसा,
सवयीने, विचार न करता.
भुवईच्या वर काळा ठिपका राहिला.
मग माझा उसना सुखार काढायला लावला,
हा परत बसवायला लावला. जोडीचा जोडीलाच लागतो, म्हणाले.
चिंधी या वेळी त्यांनी स्वतः कोंबली.

पहाटे बात्मा-एजेने एका दिवसाची मजुरी मोजली,
आकेंनी तेवढीच घेतली.
मेंढे चढले. एक आधीच तोंड वाकडं करून होता.
कपाळाला काय लागलंय, तिने काच खाली करून विचारलं.
पाव, आके म्हणाले.

वॉशर फळीवर आहे अजून.
कुठला, ते कळलं नाही.
दहाच्या बोल्टला सैल होतो,
बाराच्या बोल्टला जात नाही.