एकास अठ्ठेचाळीस

दौलतगंजात मे महिन्यात
दुपारी रंग लावता येत नाही.
कुंचला डबीतून पंखापर्यंत पोचेस्तो
टोकावरच सुकतो.
म्हणून रात्री. तेही कूलर बंद करून,
कारण त्याचे तुषार ओल्या रंगावर
देवीचे व्रण उठवतात.

दिवसा मी कोर्टात, नक्कल विभागात.
कुणाचं खरेदीखत, कुणाचा फारकतीचा हुकूम,
कागदाशी कागद लावून तपासते, स्वल्पविरामासकट,
आणि शिक्का मारते : सत्य प्रतिलिपि.
रात्री मिराज.

एकशे बारा तुकडे होते खोक्यात,
करड्या चौकटीला लोंबणारे.
भुवयांचा चिमटा, नेलकटर, आठशे नंबरचा पॉलिशपेपर.
वहिनी म्हणाली, हे पोरांचे खेळ ना गं?
म्हटलं, पोरांना बसायला वेळ कुठंय.

कॉकपिट आधी करायचं असतं,
म्हणजे तेच, जे नंतर कुणाला दिसत नाही.
अकरा डायल, सुईच्या टोकाने पांढऱ्या.
खुर्चीचे पट्टे. एक पिवळीकाळी कडी,
जी ओढायची वेळ येऊ नये.
मग वर काच.
पहिली काच मी घालवली. फेव्हिक्विकच्या वाफेने
आतून पांढरी धरली, मोतीबिंदूसारखी.
दुसरी दिल्लीहून यायला सव्वीस दिवस लागले.

तिरंगी वर्तुळं वाटीतल्या पाण्यात सोडली.
कागद सुटतो, वर्तुळ तरंगतं,
श्वास धरून ते पंखावर सरकवायचं.
डावीकडचं दुमडलं, केशरी हिरव्यावर गेलं.
तासभर ओल्या कुंचल्याने उलगडत बसले,
भिजलेली निरी सोडवावी तशी.

झालं, तेव्हा तळमजल्यावरच्या पाटणकर काकांना बोलावलं.
निळकंठ पाटणकर, एअरफ्रेम फिटर,
महाराजपुऱ्याच्या तळावर एकोणीस वर्षं.
जिना चढून आले, चष्मा कपाळावर ढकलला,
हात मागे बांधून टेबलाला एक फेरी घातली.
पंखाशी आले तेव्हा डोकं खाली घातलं
आणि पलीकडे गेल्यावर वर केलं.
वर तर नुसता पंखा होता, छताचा.

"छान," म्हणाले. "पण हे कुणाचंच नाही."
म्हणजे?
"हात लागलेला दिसत नाही कुणाचा.
पोटाखाली, डाव्या चाकाच्या झाकणामागे, तेल पाझरायचं.
नऊ वर्षं पुसलं मी. कुठलंही सील घाला.
पाझरायचंच."

मी विमान उताणं केलं, त्यांना मऊ पेन्सिल दिली.
हात थरथरतो त्यांचा हल्ली.
ओघळ उमटला तो नागमोडी,
आणि मी बोलून गेले,
वाऱ्याने तर सरळ मागे जाईल ना, काका?
(शिक्का माझ्या जिभेवरही असतो.)

"सरळ, ते उडून आल्यावर.
हा उभं असतानाचा.
मी उभं असलेलंच जास्त पाहिलंय.
वर गेलं की आम्ही चहा घ्यायचो.
आणि घड्याळ बघायचो."

दारापर्यंत गेले, परत आले.
निरांजनाजवळची काडेपेटी उघडली,
दोन काड्यांची गुलं मोडून टाकली,
उरल्या त्यांचे तुकडे केले,
चाकांच्या पुढे, चाकांच्या मागे, नखाने सरकवून बसवले.
"उटी," म्हणाले. "लावल्याशिवाय झोपू नये."

साडेदहाला महाराजपुऱ्याकडून खरं एक निघालं.
तावदानं वाजली. वाटीतलं पाणी कडेला लागलं.
खाली बातम्यांचा आवाज कुणीतरी बंद केला.
मी रंगाच्या डब्या पुसल्या, झाकणं लावली,
कुंचले धुतले, पुन्हा धुतले.
एकेचाळीस मिनिटांनी ते उतरलं.
मग खाली बातम्या पुन्हा सुरू झाल्या.