पंचाची टोपी

रविवार कारंजावर घेतली तेव्हा ती पांढरी होती,
यावर आता घरात कुणाचा विश्वास बसत नाही.
सून म्हणते, चहाच्या गाळणीचा रंग आहे हा.
असेल.
एकोणतीस वर्षं तिनं गोल्फ क्लब मैदानाचं ऊन
गाळून मग माझ्या डोक्यात ओतलं.

आठवडाभर नाशिकरोडला प्रेसमध्ये पाळी,
भोंगा वाजला की आत,
भोंगा वाजला की झडती देऊन बाहेर.
रविवारी मात्र तेरा माणसं
माझ्या एका बोटाकडे बघत उभी असायची.

खिशात सहा चिंचोके.
चेंडू पडला की एक, डावीकडून उजवीकडे.
गोलंदाज हातात स्वेटर द्यायचे, घड्याळ द्यायचे.
एकानं साखरपुड्याची अंगठी दिली,
ती मी टोपीच्या पट्टीत खोचली आणि विसरलो.
सोमवारी त्याचं होणारं सासर आमच्या दारात!
कुमुदनं टोपी उलटी करून झटकली.
आधी एक चिंचोका पडला, मग अंगठी.
"म्हणजे काल षटकं पाच-पाच चेंडूंचीच झाली की,"
एवढं बोलून ती पोहे ढवळायला गेली.

कड तेव्हाच लोंबायला लागली होती.
ती म्हणायची, आतून तार घालून देते.
मी म्हणायचो, पुढच्या रविवारी.

संपत गांगुर्डे, मखमलाबादचा.
बॅटच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
सत्तेचाळीसवर होता,
आणि झाडाखाली निवड समितीचे दोघे
मिसळीवर पापड मोडत बसले होते.
चेंडू पॅडवर आदळला. सगळे ओरडले.
नेमका वारा आला, कड डोळ्यावर आली,
आणि मी ओरडण्यावर बोट वर केलं.
तो बोटाकडे बघत नव्हता.
टोपीकडे बघत होता.

कुमुदनं त्याच रात्री तार घातली.
आजच का, हे तिनं विचारलं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी द्वारकेजवळ स्कूटर बंद पडली.
ढकलत नेली त्या गॅरेजात
प्लग पुसता पुसता माणूस म्हणाला,
"टोपी तीच का?"
"तीच."
"बॅटची कड लागली होती, साहेब."
मी म्हणालो, "मला दिसलंच नव्हतं."
हे वाक्य मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.
त्यानं किक मारली. स्कूटर सुरू झाली.
ऐंशी रुपये झाले. त्यानं मोजून घेतले,
वरचे वीस परत दिले,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आता टोपीत सुनेचे कपड्यांचे चिमटे असतात.
तारेचं टोक बाहेर आलंय, बोटाला टोचतं.
कापता येईल,
पण टाके कुमुदचे आहेत.

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला जातो,
चिमटे कठड्यावर ओततो, टोपी घालतो.
खाली गल्लीत पोरांचा टेनिस बॉल,
स्टंप म्हणून सिलिंडर.
भांडण पेटलं की सगळ्या माना वर होतात,
"आजोबा, तुम्ही बघितलं ना? आउट आहे ना?"

मी टोपी काढतो, हातात धरतो
आणि वरून ओरडतो,
"अरे, जो खेळत होता, त्याला विचारा!"