मुळाशी घासलेला गंधार

दोंडाईच्यात फेब्रुवारीत पेटी उघडायची
तर आधी तोंडाला रुमाल बांधावा लागतो.
भात्यात मिरची बसलेली असते.
पहिला झोत सुटला की
मी शिंकतो, गिऱ्हाईक शिंकतं,
समोरचा हिलाल पंक्चरवाला उगाच शिंकतो,
आणि मग सूर.

कस्तुराबाई बोरसे रिक्षातून घेऊन आल्या,
जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, पट्ट्या पिवळ्या पडलेली.
"नातले देनी शे. शाळामा बाई म्हनस, बेसूर शे."

मोबाइल चुन्याच्या डबीला टेकवून उभा केला.
सा : काटा मधोमध, हिरवा.
रे हिरवा. मध्यम, पंचम हिरवे.
गंधारावर मात्र तो डावीकडे कलला
आणि लाल होऊन बसून राहिला
मांडवात रुसलेल्या मामासारखा.

कानस घेतली.
टोकाला घासलं की सूर चढतो,
मुळाशी घासलं की उतरतो,
एवढंच शास्त्र बापाने दिलं, बाकी उधारी.
पण या जिभेच्या मुळाशी आधीच ओरखडे होते,
बारीक, आडवे,
कुणी श्वास रोखून मोजत केल्यासारखे.

म्हणून सा आणि ग एकदम दाबले.
एरवी या दोघांत एक लपलप असते,
लांबच्या शेतातल्या मोटरीसारखी;
सवयीने आपण ती ऐकत नाही.
इथे ती नव्हती.
दोन सूर गेले
आणि तिसराच, कुणी न दाबलेला,
खर्जाच्याही खालचा सा
फळीतून माझ्या गुडघ्यात आला.
पंचम मिळवला.
हिलालने पान्हा खाली ठेवला.

मग धैवत आणि गंधार.
कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला जणू!
इकडची भिंत ओळंब्यात घेतली
की तिकडची कलतेच.
ज्याने हे केलं त्याला ते ठाऊक होतं.
धैवताला सा धरून इथे कुणी गाणार नव्हतं.
एकच सा. एकच गाणारं माणूस.

विचारलं.
कस्तुराबाईंनी पदर नाकाला लावला,
मिरचीमुळे असेल.
"मना गयानं माप लिधं व्हतं त्यास्नी.
नातना गया येगळा शे."

शाळेची पेटी म्हणजे बारा बिऱ्हाडं,
सगळ्यांना सारखं थोडं थोडं चुकवायचं,
म्हणजे भांडण नाही.
त्यात खोटं काही नाही.
माझं पोट त्यावरच चालतं.

मधला ग टोकाला घासला. हिरवा.
तारेतला घासला. हिरवा.
पितळेची भुकटी अंगठ्याच्या रेषांत बसली.
मंद्रातला उचलला, उजेडात धरला,
फुंकर मारली
आणि होता तसा परत बसवला.

वरच्या दोघांशी त्याचं आता पटत नाही.
नात एवढ्या खाली बहुधा उतरणार नाही.
उतरलीच, तर काटा लाल होईल,
आणि शाळेतल्या बाई म्हणतील,
दोंडाईच्याचा मिस्तरी बहिरा आहे.