मागील पानावरून पुढे

सांगलीच्या मार्केट यार्डात, अडत दुकानाच्या माडीवर
माझं टेबल. खाली हळदीचे ढीग,
वर कीबोर्डच्या फटींत पिवळी धूळ.
स्पेसबार दाबला की बारीकशी उडते.

आज दोनशे त्रेचाळीस लॉट.
एका पानावर वीस,
मोबाइलच्या पडद्याला तेवढेच झेपतात.
मी भागाकार लिहिला, उत्तर आलं बारा,
आणि बारा बटणं तळाशी
गुमान ओळीत उभी राहिली.

दुपारी जिना वाजला.
समडोळीच्या अनुसया खोत,
पदराला हळद, हातात लेकाचा फोन.
"पोरी, माल माझा यार्डात हाय,
पावती हाय,
आन् ह्या फोनात मीच न्हाई."

बारावं पान. पुढचं बटण फिकं.
मी दाबून पाहिलं, उगाच,
बंद दुकानाची कडी वाजवावी तसं.

शाळेत बाकी वेगळी लिहायचो, खाली,
तिला गोल करायचो.
इथे पूर्णांकाचा भागाकार
बाकी विचारतसुद्धा नाही.
एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस:
त्यातली अनुसयाबाईंची सात पोती,
राजापुरी, उकडलेली, वाळवलेली, घासून चकचकीत,
ढिगात होती
आणि कुठल्याच पानावर नव्हती.

एकच ओळ बदलली:
उरलेल्यांनाही अख्खं पान, तिघं असोत की एक.
"आलं बघा तुमचं नाव. तेराव्यावर."
त्यांनी कपाळाला हात लावला.
"जित्तेपणी तेराव्यावर घातलंस व्हय गं मला?"
खाली हमालही हसले.
नावाखाली सतरा ओळींची मोकळी जागा,
ती त्या बराच वेळ बघत राहिल्या.

मला वाटलं, झालं.

पण सौदे सुरू झाले तशी यादी हलायला लागली.
पाच नंबर विकला गेला, यादीतून उतरला,
मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरले,
आणि दुसऱ्या पानाचा पहिला
पहिल्या पानावर चढला, नेमका
पाहणाऱ्यानं पान उलटलं तेव्हाच.
एकविसावा कुणालाच दिसला नाही.
मी तर म्हटलं होतं: वीस सोड, पुढचे दे.
त्यानं वीस सोडले. प्रामाणिकपणे.

भूपाल मगदूम, दुकानाचे मुनीम,
चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकत होते.
लाल कापडाची वही माझ्यापुढे सरकवली.
प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज,
शेजारी शेवटच्या पावतीचा नंबर.
पुढच्या पानाच्या माथ्यावर तेच दोन्ही पुन्हा,
वर बारीक अक्षरात: मागील पानावरून.

"किती झाली ते सांगून पान उलटू नगंस," म्हणाले,
"मधला एक उठून गेला की मोजणी फसती.
शेवटाला कोण हुतं, त्येचा हात धर.
म्होरचा आपसूक त्येच्या मागनं येतोय."

चहा निवला. मी वीसची ओळ खोडली,
तिथे शेवटच्याचा नंबर लिहिला.
त्यांनी तोवर पान उलटलं होतं,
थुंकी न लावता, नुसत्या हळदीच्या बोटानं.

रात्री कुलूप लावून जिना उतरताना
सहज पायऱ्या मोजल्या. तेरा.
तीन वर्षं बाराच मोजत आले होते.
परत वर गेले, परत उतरले.
शेवटची खरं तर फरशीच आहे,
तिला पायरी म्हणायचं की नाही,
ते अजून ठरलेलं नाही.